प्रवर्तन आणि वर्तन



एका विद्यार्थ्याच्या प्रश्नाने मला गेले काही महिने बेचैन केले आहे. तो प्रश्न आणि मला सुचलेले त्याचे उत्तर आपणापुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. मी भाषाशास्त्राची पंडिता नाही. धम्माची तर नाहीच नाही. भिवंडीतील एका मराठी शाळेत मी इंग्रजी शिकवते. त्यामुळे माझी सुरुवात शब्दांपासून झाली. शेवट मात्र माझ्या स्वतःच्या घरात झाला.

दहावीच्या वर्गात शब्दसंग्रहाचा तास होता. वळणे, फिरणे, उलटणे, मागे येणे, दिशा बदलणे या अर्थांचे इंग्रजी शब्द मुलांनी सांगायचे होते. भिवंडीच्या मुलांना त्यासाठी पुस्तक उघडावे लागत नाही. एकाने 'यू-टर्न' सांगितला. त्याचे काका कल्याण नाक्यावर रिक्षा लावतात. दुसऱ्याने 'रिव्हर्स' सांगितला आणि गोदामात ट्रक मागे घेताना क्लीनर पत्र्यावर थाप मारीत 'आने दो, आने दो' कसा ओरडतो, ते करून दाखवले. एका मुलीला महामार्गावरचा 'डायव्हर्शन'चा फलक आठवला. एकाचा भाऊ आयटीआयमध्ये 'टर्नर'चा कोर्स करतो. मी त्यात 'रिटर्न', 'रिव्हर्ट', 'इन्व्हर्ट' घातले आणि शेवटी फळ्यावर 'कन्व्हर्ट' लिहून अर्थ विचारला.

मागच्या बाकावरून उत्तर आले, "बाई, कन्व्हर्ट म्हणजे बाटणे."

वर्गात खसखस पिकली. तेवढ्यात आपल्या वस्तीतला एक मुलगा उभा राहिला. तो रागावलेला नव्हता, खरोखरच गोंधळलेला होता. म्हणाला, "बाई, माझे पणजोबा कन्व्हर्ट झाले. तेव्हा आजोबा त्यांच्या कडेवर होते. पप्पा जन्मले तेच बौद्ध. मी पण. मग मी कुठून कुठे वळलो?"

त्याच्या शेजारचा म्हणाला, "तू वळलाच नाहीस. तुझं तोंड आधीपासूनच तिकडे होतं!" पुन्हा हशा झाला. तास संपल्याची घंटा वाजली आणि माझी सुटका झाली. पण ती सुटका खरी नव्हती. मुलाचा प्रश्न एकट्याचा नव्हता. १९५६ साली अठरा वर्षांचे असलेले माणूस आज पंच्याऐंशीच्या पुढे आहे. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे ८४ लाख बौद्ध नोंदले गेले, त्यांतले सुमारे ६५ लाख एकट्या महाराष्ट्रातले. यांतले बहुतेक जण बौद्ध म्हणूनच जन्मले आहेत. मीही त्यांतलीच एक. आपण कुठून कुठे वळलो?

एकच वळणे, दोन नावे

प्रथम 'बाटणे' या शब्दाकडे पाहू. मराठीत धर्म बदलणाऱ्यासाठी हा शब्द फार जुना आहे. विहिरीचे पाणी बाटते, सोवळे बाटते, तसा माणूसही बाटतो, ही त्यामागची समजूत. 'बाटग्याची बांग मोठी' अशी म्हणही समाजाने करून ठेवली, म्हणजे धर्म बदललेल्या माणसाचा उत्साहसुद्धा थट्टेचा विषय झाला. आता गंमत पाहा. ज्याच्या सावलीचा विटाळ होतो असे हजारो वर्षे सांगितले, ज्याच्या स्पर्शाने पाणी बाटते म्हणून ज्याला पाणवठ्यावर येऊ दिले नाही, तो मनुष्य बाटणार कशाने? मुळात ज्याला शुद्ध मानलेच नाही, त्याची अशुद्धी कसली मोजता? या शब्दात आपल्यासाठी जागाच नव्हती. तो उंबरठ्याच्या आत असणाऱ्यांनी केलेला शब्द होता.

इंग्रजी भाषा या बाबतीत काही वेगळी नाही. 'कन्व्हर्ट', 'रिव्हर्ट', 'डायव्हर्ट', 'इन्व्हर्ट' ही सारी एका लॅटिन क्रियापदाची लेकरे. त्या क्रियापदाचा अर्थ वळवणे. त्याचेच आणखी एक लेकरू आहे 'पर्व्हर्ट'. आज त्याचा अर्थ विकृत मनुष्य असा होतो. पण एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडात प्रॉटेस्टंट पंथ सोडून रोमन कॅथलिक होणाऱ्या माणसाला सरळ सरळ 'पर्व्हर्ट' म्हणत. १८४५ साली जॉन हेन्री न्यूमन यांनी अँग्लिकन पंथ सोडला तो हाच काळ. आपल्याकडे आला तो 'कन्व्हर्ट', आपल्याकडून गेला तो 'पर्व्हर्ट'. वळणे एकच, नाव ठरते ते नाव ठेवणारा कुठे उभा आहे त्यावरून.

यातून पहिला धडा असा मिळतो की, आपल्या वळण्याचा अर्थ आपण दुसऱ्याच्या शब्दकोशात शोधू नये. बाटगा म्हणणाऱ्याच्या शब्दाने आपण खाली जात नाही. पण त्याचबरोबर, आपल्याच सभेतल्या टाळ्यांनी आपण वर जातो असेही नाही. टाळी आणि शिवी या दोन्ही बाहेरच्या आहेत. वळलेल्या माणसाचे आत काय झाले, ते दोघीही सांगत नाहीत.

वळणे की परतणे?

काही वक्ते जयंतीच्या व्यासपीठावरून वेगळे उत्तर देतात. ते म्हणतात, आपण धर्मांतर केलेच नाही. आपण मूळचे बौद्धच होतो, आपण स्वगृही परतलो. इंग्रजीत बोलायचे तर 'कन्व्हर्ट' नव्हे, 'रिव्हर्ट'. भिवंडीत माझे काही मुस्लिम शेजारी इस्लाम नव्याने स्वीकारणाऱ्यासाठी हाच 'रिव्हर्ट' शब्द वापरतात, कारण प्रत्येक मूल जन्मतः त्याच धर्माचे असते अशी त्यांची श्रद्धा आहे. आणि गेल्या काही वर्षांत 'घरवापसी' या शब्दाचा गाजावाजा आपण सर्वांनी ऐकला आहे. सगळ्यांनाच माणसाला 'परत' न्यायचे आहे.

आपल्या वक्त्यांच्या म्हणण्याला आधार नाही असे नाही. परमपूज्य बाबासाहेबांनी १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथात असा सिद्धांत मांडला की, अस्पृश्य हे मूळचे पराभूत टोळ्यांतून फुटून निघालेले लोक होते आणि ते बौद्ध होते. त्यांनी बौद्ध धम्म सोडला नाही, म्हणून त्यांच्यावर बहिष्कार पडला. या सिद्धांताने आपल्या माणसाला केवढा धीर दिला! आपण कोणाच्या पायापासून जन्मलो नाही, आपल्यालाही इतिहास आहे, ही जाणीव त्यातून आली. तिचे मोल मी कमी लेखत नाही.

पण विचार करा. तो सिद्धांत अस्पृश्यतेच्या उगमाचा आहे, धम्म स्वीकारण्याचे कारण म्हणून तो पुरेसा आहे काय? केवळ पूर्वजांच्या घरी परतायचे असते, तर १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला घोषणा केल्यापासून १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षा घेईपर्यंत बाबासाहेबांनी एकवीस वर्षे घेतली नसती. घरी परतणारा माणूस वाटेत प्रत्येक घराचा पाया तपासून पाहत नाही. बाबासाहेबांनी तपासला. आणि ज्या तथागतांचा धम्म त्यांनी निवडला, त्यांनी केसपुत्तच्या कालामांना काय सांगितले? परंपरेने चालत आले म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका. स्वतः पारखा, हिताचे असेल तर आचरा. ज्या धम्माचे लक्षणच 'एहिपस्सिको', या आणि पाहा, असे आहे, तो रक्ताच्या नात्याने मिळेल कसा?

पूर्वज बौद्ध होते म्हणून मी बौद्ध, असे म्हटले की दुसऱ्याला 'तुझे पूर्वज हिंदू होते म्हणून तू हिंदू' असे म्हणायचा हक्क आपोआप मिळतो. दोघांचे गणित एकच. माणूस कोणाच्या पोटी जन्मला यावरून त्याची जागा ठरवायची, हेच तर चातुर्वर्ण्याचे गणित होते. ते मोडायला आपण निघालो होतो.

वर्तनाचा धातू

मग 'प्रवर्तन' या आपल्या शब्दाकडे वळू या. इथे मला एक गोष्ट आढळली आणि शिक्षिका म्हणून फार आनंद झाला. ज्या लॅटिन क्रियापदापासून 'कन्व्हर्ट' आला, ते आणि संस्कृतचा 'वृत्' धातू ही सख्खी भावंडे आहेत. भाषाशास्त्रज्ञ दोघांचे मूळ एकच मानतात. इंग्रजीत मागेपुढे उपसर्ग लावून शब्द होतात तसेच इकडेही. आवर्तन म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणे. निवर्तन म्हणजे माघारी फिरणे. परिवर्तन म्हणजे पालटणे. आणि प्रवर्तन म्हणजे पुढे फिरवणे, गती देणे. तथागतांनी सारनाथच्या मृगदायवनात पाच परिव्राजकांना पहिला उपदेश केला, त्याला पालीत 'धम्मचक्कप्पवत्तन' म्हणतात ते याच अर्थाने.

आता या सर्वांचे उपसर्ग काढून टाका. उरते काय? उरते 'वर्तन'. वागणूक!

आपल्या भाषेने वळणे आणि वागणे यांना एकाच धातूतून जन्म दिला. एवढेच नव्हे, 'वळण' हा आपला साधा शब्द घ्या. रस्त्याला वळण असते आणि मुलालाही वळण असते. 'पोराला चांगले वळण लावले' असे आपण म्हणतो, तेव्हा त्याचे तोंड उत्तरेकडून पूर्वेकडे केले असा अर्थ नसतो. इंग्रजीतही कधी काळी ही ओळख होती. त्यांच्या १६११ सालच्या बायबलच्या भाषांतरात 'कॉन्व्हर्सेशन' हा शब्द संभाषण या अर्थाने नव्हे, आचरण या अर्थाने येतो, आणि तोही याच कुळातला. 'टर्न' या शब्दाचे मूळ तर लाकूड फिरवून गोल करण्याच्या ग्रीक हत्याराच्या नावात आहे. आमच्या विद्यार्थ्याचा भाऊ लेथवर तेच करतो. लेथवरचा तुकडा जागच्या जागीच फिरतो, पण प्रत्येक फेऱ्यात त्याचा आकार बदलतो. आकार बदलला नाही तर ते फिरणे व्यर्थ, वीज तेवढी जळाली.

घाण्याचा बैल दिवसभर वळत असतो, पण पोचत कुठेच नाही. गाडीचे चाकही वळते, पण ते पुढे जाते. धम्मचक्र हे गाडीचे चाक आहे.

बाबासाहेबांनी हा भेद नेमका जाणला होता. बावीस प्रतिज्ञा आठवा. त्यांतल्या आरंभीच्या प्रतिज्ञा बहुतांशी पाठ फिरवण्याच्या आहेत: हे देव मानणार नाही, हे अवतार मानणार नाही, श्राद्ध करणार नाही. पण त्या तिथे थांबत नाहीत. पुढे समता येते, अष्टांगिक मार्ग येतो, दहा पारमिता येतात, प्राणिमात्रांविषयी करुणा येते, चोरी, खोटे, व्यभिचार, मद्य यांचा त्याग येतो. आणि बाविसावी, शेवटची प्रतिज्ञा कशाची आहे? यापुढे बुद्धाच्या शिकवणुकीप्रमाणे वागण्याची. प्रतिज्ञांचा प्रवास 'मानणार नाही' पासून 'वागेन' पर्यंत आहे. आपल्यापैकी अनेकांचा प्रवास मात्र पहिल्या काही प्रतिज्ञांवरच थांबला. आपण पाठ फिरवली. पाठ फिरवणे म्हणजे अर्धे वळणे.

इतिहासाचा क्रमही हेच सांगतो. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या लोकांना मेलेल्या जनावराचे मांस सोडायला सांगितले, स्वाभिमानाने राहायला सांगितले, आणि मग चवदार तळ्यावर नेले. दीक्षा त्यानंतर एकोणतीस वर्षांनी झाली. माझी आजी नाशिक जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. दीक्षेच्या गोष्टी सांगताना ती देव नदीत सोडल्याची हकिकत सांगे, पण त्यापूर्वीची एक गोष्ट तिला अधिक मोलाची वाटे. तिच्या वडिलांनी गावचे मेलेले ढोर ओढायला नकार दिला, त्याबद्दल गावाने वाळीत टाकले, आणि तरी ते पुन्हा गेले नाहीत. ती म्हणायची, "दीक्षा मागून घेतली, माणूस आधीच झालतो." पदवीधर झाल्यावर मी या वाक्याला अडाण्याचे बोलणे समजले होते. आज वाटते, वर्तन आधी आणि प्रवर्तन मागून, हा सिद्धांत ती मला एका वाक्यात शिकवीत होती.

सोपाऱ्याचा दगड

भिवंडीहून फार दूर नसलेल्या नालासोपाऱ्याला १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा सापडला. नवव्या लेखाचा तुकडा पुढे १९५६ साली, म्हणजे दीक्षेच्याच वर्षी मिळाला. कलिंगच्या युद्धानंतर अशोक पालटला ही कथा आपण मुलांना सांगतो. कलिंगात एक लाख माणसे मारली गेली आणि दीड लाख हद्दपार झाली, असे त्याने स्वतःच तेराव्या लेखात कोरून ठेवले आहे. पण पश्चात्तापानंतर त्याने केले काय?

त्याचे उत्तर आठव्या लेखात आहे. त्याचा आशय असा: पूर्वीचे राजे विहारयात्रेला जात, शिकार आणि मौज करीत. अभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर हा राजा संबोधीला गेला, आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाली. या यात्रेत श्रमण-ब्राह्मणांना भेटायचे, त्यांना दान द्यायचे, वृद्धांना भेटायचे, खेड्यापाड्यांतल्या जनतेची गाठ घ्यायची, धम्माची विचारपूस करायची.

पाहा, राजा तोच, लवाजमा तोच, कदाचित रस्तेही तेच. प्रवास त्याने थांबवला नाही. प्रवासाचे कारण बदलले. पूर्वी तो निघाला की रानातली जनावरे पळत असतील. आता तो निघाला की म्हातारी माणसे वाट पाहत असतील. दिशा बदलणे ते हे. तुम्ही येत आहात हे कळल्यावर दुबळ्या माणसाला भीती वाटते की आधार वाटतो, यावरून तुमची दिशा ओळखावी.

दाखल्यावरचा रकाना

इथे कोणी विचारील, मग नावाला काहीच किंमत नाही काय? वर्तन चांगले असले की झाले, बौद्ध म्हणवून घ्यायची गरज काय? हा युक्तिवाद गोड आहे, पण धोक्याचा आहे. नाव बदलून काय होते, हा प्रश्न बाबासाहेबांच्या वेळीही विचारला जात होता. त्यांनी दाखवून दिले की 'चोखामेळा' किंवा 'हरिजन' अशी नवी नावे घेऊन काही साधत नाही, कारण ती नावे त्याच चौकटीतली. त्या चौकटीबाहेरचे नाव घेतले तरच माणूस जुन्या ओळखीतून सुटतो. नाव ही दिशादर्शक पाटी आहे. पाटी म्हणजे प्रवास नव्हे, पण पाटी पुसून टाकली तर येणाऱ्या पिढीला रस्ता कळत नाही.

आणि या पाटीसाठी आपल्या लोकांनी किंमत मोजली आहे. १९५० च्या घटनात्मक आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शिखांचा त्यात समावेश झाला. बौद्धांचा समावेश व्हायला १९९० साल उजाडले. मधल्या काळात महाराष्ट्र राज्याने आपल्यापुरत्या सवलती दिल्या, पण केंद्राच्या नोकरीसाठी आणि शिष्यवृत्तीसाठी कागदावर काय लिहायचे, हा पेच घराघरांत होता. आमच्या शाळेच्या जुन्या जनरल रजिस्टरात मी पाहते: एकाच घरातल्या तीन भावंडांपुढे 'हिंदू महार', 'नवबौद्ध' आणि 'बौद्ध' अशा तीन नोंदी. एक आई, एक बाप, एक वस्ती आणि धर्माच्या रकान्यात तीन दिशा.

मी त्या आईबापांना दोष देणार नाही. ज्यांनी लेकरांच्या शिक्षणासाठी कागदावर मान खाली घातली, त्यांना पोट भरलेल्याने स्वाभिमान शिकवू नये. सवलत ही भीक नव्हे, ती हजारो वर्षांच्या देण्याची परतफेड आहे. आजही बौद्ध म्हणून दाखला काढायला गेलो तरी पूर्वीची जात सिद्ध करावी लागते. कायद्याला मागे वळून पाहावे लागते. अन्याय मागे घडला म्हणून ते योग्यही आहे. पण कचेरीच्या खिडकीवर मागे वळून पाहणे निराळे, आणि आपल्या घराच्या बैठकीत मागे वळून पाहणे निराळे.

'मूळचे कोण?'

आता मला जे सांगायचे आहे ते सांगणे जड जाते. पण ते टाळले तर वरचे सगळे पांडित्य होईल.

काही वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या भावाने एक मुलगी पसंत केली. शिकलेली, नोकरी करणारी, बौद्ध घरातली. तिचे वडील आमच्या घरी बोलणी करायला आले. समोर भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर. सुरुवातीला त्रिशरण झाले. चहापाणी व्हायचे होते. आणि आमच्या नात्यातल्या एका वडीलधाऱ्या माणसाने, अगदी सहज, हवापाण्याची चौकशी करावी तसे विचारले, "तसे तुम्ही मूळचे कोण?"

तिच्या वडिलांनी शांतपणे सांगितले की, त्यांच्या वडिलांनी दीक्षा घेतली त्यापूर्वी ते मातंग होते.

खोलीत कोणी काही वाईट बोलले नाही. वाईट बोलणे हे अडाण्यांचे काम. आमच्या घरात आता सगळे शिकलेले. फक्त बोलणे हवामानावर गेले, गाड्यांच्या वेळांवर गेले. माझ्या भावाने माझ्याकडे पाहिले. घरात सर्वांत अधिक शिकलेली मी. समतेची प्रतिज्ञा मला पाठ आहे. समता प्रस्थापित करण्याचा प्रयत्न करण्याची प्रतिज्ञा तिच्या पुढची, तीही पाठ आहे. मी उठले आणि चहा टाकायला स्वयंपाकघरात गेले.

निघताना तिचे वडील उंबरठ्यावर थांबून "जय भीम" म्हणाले. आम्ही सर्वांनी "जय भीम" म्हटले. ते लग्न झाले नाही.

वाचकहो, ज्या दिवशी विद्यार्थ्याने मला विचारले, 'मी कुठून कुठे वळलो', त्या दिवशी मला तो चहा आठवला. सवर्णांच्या पाणवठ्यावरून आम्हाला हाकलले याचा इतिहास मी वर्गात आवाज चढवून शिकवते. पण 'मूळचे कोण' हा प्रश्न त्याच पाणवठ्यावरचा आहे, आणि तो माझ्या घरात, तथागतांच्या तसबिरीखाली विचारला गेला. त्या प्रश्नात 'मूळ' म्हणजे जात आणि धम्म म्हणजे तिच्यावर चढवलेला अंगरखा, असे गृहीत धरलेले असते. ज्यांनी आपल्याबरोबर एकाच धम्माला शरण जाऊन मागचे सारे सोडले, त्यांना आपण म्हणत होतो, तुम्ही वळलात खरे, पण आमच्या लेखी अजून तिथेच उभे आहात. बाटगा म्हणणारा तरी वेगळे काय म्हणत होता?

राजकारणात कोणी सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरे बोलला की आपण 'घूमजाव केले' म्हणून हिणवतो. मी तोंडाने कधीच घूमजाव केले नाही. मी फक्त चहा टाकायला गेले. माघारी फिरण्यासाठी मोठ्याने बोलावे लागत नाही. गप्प बसले की पुरते.

धोटा आणि कापड

माझ्या वडिलांची उमेद भिवंडीच्या यंत्रमागावर गेली. लहानपणी डबा द्यायला जायची तेव्हा धोट्याकडे पाहत राहायची. इकडून तिकडे, तिकडून इकडे. एवढ्या जोराने पळतो आणि पुन्हा पुन्हा माघारीच येतो, याचे मला नवल वाटे. वडील म्हणत, धोट्याकडे नको, कापडाकडे बघ. प्रत्येक फेरीला आडवा एक धागा पडतो आणि कापड तेवढे पुढे सरकते. पण धोट्यातली कांडी संपली की माग थांबवावा लागतो. रिकामा धोटा कितीही पळवला तरी कापड वाढत नाही.

दर वर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिन येतो. आपण दीक्षाभूमीला जातो, चैत्यभूमीला जातो, पांढरी वस्त्रे नेसतो, वंदना म्हणतो आणि परत येतो. हा धोटा पळतो आहे, आणि पळावाही. पण त्यात कांडी आहे काय? गेल्या वर्षीपेक्षा या वर्षी कापड एका धाग्याने तरी पुढे सरकले काय?

त्या मुलाला मी दुसऱ्या आठवड्यात उत्तर दिले. म्हटले, "तुझे पणजोबा वळले. तुला त्यांनी वळणाच्या पलीकडे आणून सोडले. पण त्यांचे वळणे तुझ्या खात्यावर जमा होत नाही. तुझी वेळ यायची आहे. कधीतरी तुझ्या घरात कोणीतरी कोणाला 'मूळचे कोण' म्हणून विचारील. त्या वेळी तू काय करतोस, ते तुझे कन्व्हर्शन."

तो क्षणभर थांबून म्हणाला, "बाई, तुमची वेळ आली होती का?"

"आली होती," मी म्हटले. "मी वळले नाही."

यापेक्षा अधिक मला सांगता आले नाही. पण त्यानंतर मी एक गोष्ट केली. उशिरा का होईना, भावाजवळ आणि त्या वडीलधाऱ्यांजवळ त्या दिवसाचा विषय काढला. भाऊ फार बोलला नाही. वडीलधारे रागावले. त्या मुलीचा संसार आता दुसरीकडे सुखाचा आहे, तो दिवस काही परत येत नाही. तरी आमच्या घरात पुढच्या सोयरिकीच्या वेळी तो प्रश्न विचारला जाणार नाही, निदान मी चहा टाकायला उठणार नाही, एवढे मी मनाशी ठरवले आहे.

बंधुभगिनींनो, आपणासही माझे एवढेच मागणे आहे. येत्या प्रवर्तन दिनी बावीस प्रतिज्ञा घरात सर्वांनी मिळून मोठ्याने म्हणाव्यात, आणि ज्या प्रतिज्ञेपाशी आपला आवाज खाली जातो तिथे थांबावे. पोरांना 'आपण बौद्ध आहोत' एवढेच सांगून थांबू नये. आजोबा-पणजोबांनी नेमके काय सोडले, का सोडले आणि त्यासाठी काय सोसले, ते सांगावे. आणि सोयरिकीच्या बैठकीत 'मूळचे कोण' हा प्रश्न आला, तर घरातल्या शिकलेल्या माणसाने त्या वेळी जागेवरून उठू नये.

नमो बुद्धाय! जय भीम!